आगगाडीचा तोटा कोणाच्या माथी?

उतारूंच्या गाडीत सरकारला तोटा येतो, म्हणून तीवर आणखी पैसा घालणे म्हणजे तो पाण्यात टाकणे होय, असे कित्येक शहाणे लोक सांगतात. रेल्वेने तर तिकिटावरच छापले की, प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी शेकडा ५७ इतकेच वसूल होतात. बाकीची भर बहुतांशी मालगाडीच्या उत्पन्नातून पडते. पण मालगाडी काय वाहते? खत, कोळसा, सिमेंट. त्याचे भाडे मालाच्या किंमतीत चढते, आणि ती किंमत शिरड शहापूरचा कुणबी आणि लोहार मोजतो. तेव्हा उतारूंची गाडी ही आम्हांस कोणी घातलेली भीक नव्हे.

निजामाच्या राज्यात रेल्वे कंपनीच्या विलायती भागीदारांस नफ्याची हमी दरबारच्या तिजोरीतून होती. ती तिजोरी शेतसाऱ्याने भरे. १९३० साली दरबाराने रेल्वे विकत घेतली, तोवर सावकारांच्या हमीस कोणी तोटा म्हटले नाही. गरीब गाडीत बसला की मात्र हिशेबाची वही उघडते!

आणि त्या वहीत सगळा नफा मांडलेला असतो काय? कोल्हापूर संस्थानाने १८९१ साली स्वतःच्या खर्चाने मिरजेपर्यंत रेल्वे नेली. पुढे शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी पेठ वसवली आणि गुळाचा व्यापार वाढला. तिकिटाच्या गल्ल्यात तो नफा दिसत नाही. उसाच्या मळ्यात दिसतो.

मात्र जेथे तेथे रूळ टाका, असे आम्ही म्हणत नाही. नवा रूळ फार महाग. जेथे उतारू थोडे, तेथे एस.टी. बरी. आमच्या भागात पूर्णा-हिंगोली मार्ग १९१२ साली झाला आणि पूर्णा-अकोला मार्ग २००८ साली रुंद झाला. रूळ आहेत, त्यांवर गरिबाच्या सोयीची गाडी हवी. २०२० साली पॅसेंजर बंद पडल्या. पुढे त्या एक्स्प्रेसचे नाव लावून आल्या, तेव्हा दहा रुपयांचे किमान भाडे तीस झाले. ते २०२४ च्या फेब्रुवारीत पुन्हा दहा झाले. एवढ्या वर्षांत मजुराच्या खिशातून गेलेले वीस-वीस रुपये कोणत्या वहीत लिहिले आहेत?

म्हणून सरकारी पैसा आधी येथे लागावा: लहान स्टेशनांवर थांबणारी, नांदेडच्या दवाखान्याच्या व कॉलेजच्या वेळेस पोचून संध्याकाळी परतणारी गाडी, तिला साधे डबे अधिक, आणि औंढा-शिरड शहापूरकडून वसमत स्टेशनास गाडीच्या वेळेवर एस.टी.

बंधूंनो, रडल्याशिवाय आईदेखील दूध पाजत नाही. येत्या ग्रामसभेत हा ठराव घाला, त्यावर बायकांच्याही सह्या घ्या आणि तो आमदार-खासदारांच्या हाती द्या. मते मागावयास ते येतील, तेव्हा आधी त्याचे उत्तर मागा.