विसरलेला लाभांश

आयुध कारखान्यांतून निवृत्त झालेल्यांच्या जबलपुरात कोणता शेअर घ्यावा, लाभांश किती मिळेल, यावर चर्चा रंगते. कपाटातील जुन्या शेअर प्रमाणपत्रांचा विषय मात्र क्वचितच निघतो. कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १२४ नुसार सलग ७ वर्षे लाभांश न घेतल्यास ती रक्कम आणि ते शेअरही गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जमा होतात. हक्क बुडत नाही, दावा करता येतो. परंतु वारसा सिद्ध करताना, जुन्या सह्या व पत्ते जुळवताना वृद्ध विधवेची दमछाक होते. संरक्षणाच्या नावाने उभारलेल्या निधीने पुराव्याचा सारा भार दुर्बलांवर टाकावा, हे न्यायाला धरून नाही. लहान रकमांचे दावे सरकारने जिल्हा पातळीवर मुदतीत निकाली काढावेत. गुंतवणूकदारानेही वारसाचे नाव आजच नोंदवावे.