शिराताकीचीं पांच भावंडें

२०१६ सालच्या आरंभीं एक गोष्ट जगभर फिरली. जपानच्या उत्तरेस होक्काइडो बेटावर, बर्फांत बुडालेलें एक चिमुकलें स्टेशन. उतारू एकच, शाळेस जाणारी मुलगी. आणि तिचें शिक्षण पुरें होईपर्यंत रेल्वेकंपनीनें तें केवळ तिच्यासाठीं चालूं ठेविलें, अशी ती गोष्ट. आमच्या घरीं ती मोठ्यानें वाचून झाली तेव्हां आजींनीं डोळ्यांस पदर लाविला. आमचाही कंठ दाटून आला होता, हें कबूल केलें पाहिजे. पुढें चौकशी करूं लागलों तों गोष्टीची वीण बरीच सैल निघाली. परंतु खरी हकीकत आम्हांस अधिक मोलाची वाटली, म्हणून ती वाचकांपुढें ठेवितों.

सेकिहोकु नांवाचा लोहमार्ग डोंगर ओलांडून पूर्वेस एंगारू गांवाकडे उतरतो. त्या उतरणीवर शिराताकी, म्हणजे शुभ्र धबधबा, या एकाच आडनांवाचीं पांच स्टेशनें होतीं. ओकु म्हणजे आंतली, कामी म्हणजे वरची, मग नुसती शिराताकी, नंतर क्यू म्हणजे जुनी, आणि शेवटीं शिमो म्हणजे खालची. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांस हा प्रकार नवा वाटणार नाहीं! गंमत अशी कीं, जुनी म्हणविणारीच वयानें सर्वांत धाकटी. मधली शिराताकी व शिमो १९२९ सालच्या, ओकु व कामी १९३२ सालच्या. क्यू-शिराताकीचा थांबा १९४७ सालीं झाला आणि रीतसर स्टेशनाचा मान तिला मिळाला तो १९८७ सालीं.

वसाहत अर्थातच त्यापूर्वींची. १९१२ सालीं दक्षिणेकडील किशू प्रांतांतून कांहीं कुटुंबें या रानांत जमीन करावयास आलीं. त्यांचा पुढारी मोरिहेइ उएशिबा हा पुढें ऐकिदो या युद्धविद्येचा जनक म्हणून प्रसिद्धीस आला.

स्टेशन म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें घंटा, तिकिटाची खिडकी आणि निशाण घेतलेले मास्तर उभे राहतात. क्यू-शिराताकीला यांतलें कांहींच नव्हतें. एका बाजूस फलाट, उतारूंना टेकावयास लाकडी खोपट, बस्स. अशा ठिकाणीं डब्यांत चढतांना यंत्रांतून आंकड्याची चिठ्ठी घ्यावयाची. पुढच्या फलकावर त्या आंकड्याखालीं भाडें दिसतें, तें उतरतांना चालकाजवळच्या पेटींत टाकावयाचें. मास्तर, गार्ड व तिकीट-तपासनीस हे तिघेही त्या एका चालकांत सामावलेले!

आतां ती मुलगी. बातमींत नांव आलें कामी-शिराताकीचें; मुलगी चढत असे ती क्यू-शिराताकीस. गांवें ओस पडत चाललीं, उतारू उरले नाहींत, म्हणून कंपनीनें हीं स्टेशनें मोडावयाचें ठरविलें. जपानांत शाळेचें वर्ष मार्चांत संपतें आणि रेल्वेचें नवें वेळापत्रकही मार्चांतच लागूं होतें. या दोहोंची गांठ मारून कोणी दयेची कथा विणली. कंपनी म्हणजे कांहीं माउली नव्हे. आम्हांस खटकतें तें हें कीं, त्या कथेंत सगळें श्रेय कंपनीस गेलें. शाळेकडे जाणारी सकाळची गाडी एकच होती. होक्काइडोच्या हिंवाळ्यांत, कमरेएवढ्या बर्फांतून वाट काढून ती गांठावयाची आणि असें तीन वर्षें करावयाचें, हें त्या पोरीनें केलें. तिला पहांटे उठवून डबा भरून देणारें घरांत कोणी असेलच; त्यांचें नांव तर कोणीच घेतलें नाहीं.

ओकुचें स्टेशनपण २००१ सालींच गेलें होतें. २६ मार्च २०१६ पासून कामी, क्यू व शिमो या तिघीही बंद झाल्या. पांचांपैकीं एकटी शिराताकी उरली. पश्चिमेकडच्या कामिकावा स्टेशनापासून तिच्यापर्यंत ३७.३ किलोमीटर उतारूंस कोठेंही चढउतार नाहीं. शिमोचा मात्र रूळ राखला आहे, कारण मार्ग एकेरी असल्यामुळें समोरून येणाऱ्या गाडीस वाट द्यावी लागते. तेथें गाडी थांबते; दार उघडत नाहीं.