नदीला नाला म्हणू नका

मुलांनो, मुंबईचा नकाशा समोर घ्या. बोरिवली आणि मुलुंड यांच्यामध्ये एक मोठा हिरवा, डोंगराळ भाग दिसेल. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. त्याच्या दक्षिणेकडे विहार तलाव आहे. पावसाळ्यात हा तलाव भरून वाहू लागला, की त्या पाण्याची एक नदी होते. शेजारच्या पवई तलावाचे जादा पाणी तिला येऊन मिळते. पुढे मरोळ, साकीनाका, विमानतळ, कुर्ला, कलिना, वांद्रे-कुर्ला संकुल, धारावी असा सुमारे १८ किलोमीटरांचा प्रवास करून ती माहीमच्या खाडीत शिरते आणि अरबी समुद्राला मिळते. तिचे नाव मिठी नदी.

किती सुंदर नाव! मराठीत मिठी म्हणजे आलिंगन, आणि तुमच्या उर्दूत मीठी म्हणजे गोड. पण कुर्ल्याच्या पुलावरून जाताना लोक नाकाला रुमाल लावतात. खाली काळे, दाट पाणी दिसते. त्यावर प्लॅस्टिकच्या पिशव्या तरंगत असतात. म्हणून कित्येक मुंबईकर तिला नदी म्हणतच नाहीत; नाला म्हणतात. उर्दूतही हाच शब्द आहे, तेव्हा त्याचा अर्थ तुम्हांला सांगायला नको. माझ्या मते, नदीच्या दुर्दशेची सुरुवात याच शब्दापासून होते. नदी म्हटले, की माणूस तिला जपतो. नाला म्हटले, की त्यात काहीही टाकायला तो मोकळा होतो.

ही नदी मुळात घाण नव्हती, याचा पुरावा आजही डोळ्यांसमोर आहे. विहार तलाव १८६० साली, मुंबईला पिण्याचे पाणी मिळावे म्हणून, याच नदीच्या खोऱ्यात बांधला गेला. आजही त्याचे पाणी शुद्ध करून मुंबईकरांना पुरवले जाते. त्याच्याभोवती जंगल आहे, आणि तेथे वस्ती करायला बंदी आहे. पवई तलाव त्याच्यानंतर सुमारे तीस वर्षांनी बांधला. तोही पिण्याच्या पाण्यासाठीच होता; पण त्याचे पाणी पिण्यालायक राहिले नाही. आज त्याच्या काठी उंच उंच इमारती उभ्या आहेत. आणि या दोन्ही तलावांच्या खाली वाहणारी मिठी तर काळीच झाली आहे. म्हणजे पाहा, पाऊस एकच, डोंगरही तेच. पण एक पाणी पिण्याचे, दुसरे न पिण्याचे आणि तिसरे हातही न लावण्यासारखे! फरक आभाळातून पडणाऱ्या पाण्यात नाही. ते ज्या जमिनीवरून वाहते, त्या जमिनीत आहे.

जमिनीत काय फरक पडतो? जंगलात पाऊस पडला, की पाने त्याचा मारा झेलतात. माती स्पंजासारखी पाणी शोषून घेते. ते पाणी जमिनीत हळूहळू झिरपते, गाळले जाते आणि मग झऱ्यांच्या रूपाने सावकाश ओढ्यात येते. त्यामुळे ओढा एकदम फुगत नाही आणि पाऊस थांबला तरी लगेच आटत नाही. शहरात मात्र आपण या मातीवर डांबर, सिमेंट आणि फरशी पसरतो. पाण्याला झिरपायला वाटच उरत नाही. एक हिशेब करून पाहा. तुमच्या शाळेची गच्ची १०० चौरस मीटर आहे असे समजा. त्यावर फक्त १० मिलिमीटर पाऊस पडला, तरी १००० लीटर पाणी जमा होते. मुंबईत तर वर्षाला २००० मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो. शहरात अशा किती गच्च्या, किती रस्ते आणि किती अंगणे असतील, याचा विचार करा. हे सगळे पाणी काही मिनिटांत गटारात आणि गटारातून नदीत धावते.

आणि ते एकटे धावत नाही. रस्त्यावरचे तेल, धूळ, टायरांचा चुरा, कचरा हे सारे ते आपल्याबरोबर घेऊन जाते. त्यात घरांचे आणि संडासांचे सांडपाणी, गोठ्यांतील शेण, कारखान्यांतील रसायने यांची भर पडते. अशा पाण्यातील घाण सूक्ष्म जंतू कुजवतात. त्यासाठी ते पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. घाण जितकी जास्त, तितका प्राणवायू जास्त लागतो. शेवटी पाण्यात प्राणवायू उरत नाही. मासे गुदमरून मरतात, पाणी काळे पडते आणि त्याला दुर्गंधी सुटते. नदीचे पाणी आंघोळीला योग्य असायचे, तर त्याच्या एका लीटरमध्ये निदान ५ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असावा, असा आपल्या देशातील नियम आहे. मिठीच्या काळ्या पाण्याला असल्या कसोटीवर उभे करण्याचे धाडस कोण करील?

नदीची आठवण मुंबईला एकदा फार कठोरपणे झाली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच वेळी समुद्राला भरती आली होती. मुंबईची जुनी गटारे ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या बेताने बांधलेली होती. मिठी पात्राबाहेर पडली. कुर्ला, कलिना हे भाग पाण्याखाली गेले. शेकडो माणसे प्राणांना मुकली. ज्यांनी आयुष्यभर तिला नाला म्हटले होते, त्यांना त्या रात्री कळले, की ही नदी आहे.

त्यानंतर 'दोष कोणाचा?' असा प्रश्न निघाला. पुष्कळ लोकांनी बोट दाखवले ते नदीकाठच्या झोपड्यांकडे. हे म्हणणे अर्धेच खरे आहे, आणि अर्धे सत्य पुष्कळदा अन्यायाचे असते. झोपड्यांनी पात्र अरुंद केले, हे नाकारता येणार नाही. पण विमानतळाजवळ नदीला वळवून धावपट्टीखालून नेले, ते झोपडीवाल्यांनी नव्हे. वांद्रे-कुर्ला संकुलातील काचेच्या इमारती नदीकाठच्या खाजणांत भर घालून उभ्या राहिल्या. पुराचे पाणी सामावून घेणारी आणि भरतीचा जोर अडवणारी तिवरांची झाडे त्यासाठी गेली. आणि ज्या वस्तीत सांडपाण्याची नळवाहिनीच पोहोचलेली नाही, तेथील आईने भांडी घासलेले पाणी कोठे टाकावे? वस्तीला घाणेरडी म्हणणे सोपे आहे. तेथपर्यंत नळवाहिनी नेणे कठीण आहे. पूर आला, की सर्वांत आधी याच घरांत पाणी शिरते. ज्यांचा दोष थोडा, त्यांचे नुकसान मात्र सर्वांत मोठे!

तुम्ही म्हणाल, "मग शहर वाढूच नये का? लोकांना घरे नकोत, रस्ते नकोत?" हा प्रश्न योग्य आहे. घरे हवीत, रस्ते हवेत, रोजगारही हवा. शहर वाढणारच. प्रश्न शहर वाढण्याचा नाही, ते कसे वाढते याचा आहे. लंडन हे केवढे मोठे शहर! त्याच्या मधून वाहणारी थेम्स नदी १९५७ साली शास्त्रज्ञांनी मृत ठरवली होती. तेथील लोकांनी शहर सोडले नाही, की नदीवर झाकण घातले नाही. त्यांनी सांडपाणी नदीत सोडण्यापूर्वी शुद्ध करण्याची व्यवस्था सुधारली. १९७४ साली त्या नदीत पुन्हा सामन मासा सापडला. मेलेली नदी जिवंत होऊ शकते, असा त्याचा अर्थ.

मिठीसाठीही २००५ पासून पुष्कळ कामे झाली. पात्र रुंद आणि खोल केले, काठाने सिमेंटच्या भिंती बांधल्या, दरवर्षी गाळ उपसला जातो. हे सर्व व्यर्थ आहे असे मी म्हणणार नाही. पण एवढ्यावर समाधान मानणे म्हणजे ताप उतरवून रोग तसाच ठेवणे होय. भिंतीमुळे नदी आणि माती यांचा संबंध तुटतो. उपसलेला गाळ पुढच्या वर्षी पुन्हा येतो, कारण तो जेथून येतो ती ठिकाणे तशीच राहतात. नदीचे दुखणे नदीत नाही. ते गल्लीत, गटारात आणि गच्चीवर आहे. म्हणून प्रत्येक वस्तीला सांडपाण्याची नळवाहिनी मिळाली पाहिजे. ते पाणी शुद्ध झाल्यावाचून नदीत जाता कामा नये. सांडपाणी अडवून शुद्ध करण्याची कामे महापालिकेने हाती घेतली आहेत. ती पूर्ण झाली पाहिजेत. उरलेली तिवरे राखली पाहिजेत. आणि काठावरून कोणाला हलवायचेच असेल, तर आधी त्यांना जवळपास पक्के घर द्यायला हवे.

ही कामे मोठ्यांची आहेत. पण तुम्हीही उद्याचे नागरिक आहात. तुमच्या शाळेसमोरचे गटार पुढे कोठे जाते, हे शोधून काढा. त्याचा नकाशा वहीत काढा. तुमचे गाव मालेगाव असो, भिवंडी असो की औसा असो, ते पाणी कोणत्या ना कोणत्या ओढ्याला मिळतच असेल. त्या ओढ्याचे खरे नाव घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. शाळेच्या आवारात सगळीकडे फरशी बसवण्याचे ठरत असेल, तर थोडी माती उघडी ठेवण्याची विनंती गुरुजींना करा. रिकामी पिशवी गटारात टाकण्यापूर्वी हात आवरा.

शेवटी एका शब्दाची गंमत सांगतो. उर्दूत दरिया म्हणजे नदी. मराठीत दर्या म्हणजे समुद्र. शब्द एकच, पण एका भाषेत तो नदीचा झाला आणि दुसरीत समुद्राचा. आपण गल्लीतल्या पाण्यात जे टाकतो, ते आधी तुमच्या दरियात जाते आणि मग कोळ्यांच्या दर्यात. तेथून ते माशांच्या पोटात जाते, आणि माशांबरोबर पुन्हा आपल्याच ताटात येते. म्हणून मुलांनो, आजपासून एवढे तरी करा : नदीला नाला म्हणू नका. तिला तिच्या नावाने हाक मारा. जिला आपण नावाने हाक मारतो, तिच्या अंगावर घाण टाकताना हात नक्कीच अडखळेल.