घरी वळलेली कॉइल आणि २०१९चा कायदा

ब्रिटनमध्ये १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकून देण्याच्या वेपच्या विक्रीवर बंदी आली. शाळकरी मुलांमध्ये पसरलेले वेड हे तिचे एक कारण होते आणि कचऱ्यात जाणाऱ्या लिथियम बॅटऱ्या हे दुसरे. या बंदीनंतर तेथील ग्राहकापुढे पुन्हा भरता येणारी उपकरणे उरली. त्यांतला सर्वांत कष्टाचा प्रकार म्हणजे 'रिबिल्डेबल'. यात उष्णता देणारी तार वापरणारा स्वतः वळतो, स्वतः बसवतो आणि जळाली की स्वतःच बदलतो. स्विंडन किंवा साउथॉलमध्ये स्थायिक झालेल्या गोमंतकीय तरुणाला ही सामग्री तेथील दुकानात उघडपणे मिळते. तीच सामग्री बॅगेत घालून तो सुटीसाठी मोपा किंवा दाबोळी विमानतळावर उतरला, की ती गुन्ह्याचा विषय ठरते. एका प्रवाशाच्या बॅगेपुरता हा प्रश्न मर्यादित नाही. एखादी वस्तू बंद करताना तिच्याविषयीचे ज्ञानही बंद करायचे काय, असा मूळ प्रश्न त्यामागे आहे.

वेपची रचना दिव्याहून फार वेगळी नाही. दिव्यात तेल, वात आणि ज्योत असते. वेपमध्ये निकोटिन मिसळलेला द्रव, कापसाची वात आणि ज्योतीच्या जागी तापणारी तार असते. बीजिंगचे औषधनिर्माते होन लिक यांनी २००३च्या सुमारास आजच्या स्वरूपातील इलेक्ट्रॉनिक सिगारेट घडवली. पुढे कारखान्यातून आलेल्या बंद कॉइलचा खर्च टाळण्यासाठी आणि काहीसे हौसेखातरही, युरोप-अमेरिकेतील वापरकर्त्यांनी तार स्वतः वळायला सुरुवात केली. आता जाळीच्या तयार कॉइल स्वस्त व टिकाऊ झाल्याने हा छंद ओसरला आहे. पण त्याने जो धडा घालून दिला, तो अजून कालबाह्य झालेला नाही.

नवशिक्या बहुधा कँथल या लोह, क्रोमियम व अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या तारेपासून आरंभ करतो. सव्वीस गेजची, म्हणजे सुमारे ०.४ मिलिमीटर जाडीची तार ३ मिलिमीटरच्या सळीवर सहा-सात वेढे देऊन गुंडाळली, की साधारण ०.८ ओहम रोध मिळतो. तारेची दोन टोके स्क्रूखाली घट्ट बसवायची, जादा भाग छाटायचा, मापकावर रोध तपासायचा, कमी शक्तीवर क्षणभर प्रवाह सोडून तार मधून बाहेरच्या दिशेने सारखी तापते की नाही ते पाहायचे आणि मगच कापूस ओवायचा. कापूस फार दाटला तर द्रव पोहोचत नाही, वात कोरडी पडते आणि धुरात जळका दर्प येतो. तो दर्प म्हणजे केवळ चवीची तक्रार नव्हे. अतितप्त द्रवातून फॉर्माल्डिहाइडसारखी घातक द्रव्ये तयार होतात. कापूस फार सैल राहिला तर द्रव गळतो. ही मोजणी हाताला येण्यास चार-सहा वाती वाया जातात.

धोक्याचे खरे मूळ मात्र ओहमच्या नियमात आहे. जुन्या पिढीला शेगडीची कॉइल आठवत असेल. ती तुटली की टोके पिळून जोडली जात आणि शेगडी पूर्वीपेक्षा अधिक लालभडक होई. तार आखूड झाली, रोध घटला, धारा वाढली. पुन्हा चार दिवसांनी ती तुटे, तीही याच कारणाने. कमी तार म्हणजे कमी उष्णता, ही सहज वाटणारी समजूत येथे उलटी पडते. पूर्ण भारित लिथियम सेलचा दाब ४.२ व्होल्ट असतो. ०.८ ओहमच्या कॉइलमधून त्यामुळे सुमारे सव्वापाच अँपिअर धारा वाहते. तशाच दोन कॉइल समांतर बसवल्या की रोध निम्मा होऊन धारा साडेदहा अँपिअरवर जाते. अधिक धुराच्या मोहाने कोणी ०.१ ओहमची कॉइल बसवली, तर हिशेबाने धारा ४२ अँपिअर होते. १८६५० आकाराचे चांगले सेलदेखील सलग वीस-पंचवीस अँपिअरपेक्षा जास्त धारा सुरक्षितपणे देऊ शकत नाहीत.

नियंत्रक चिप असलेले उपकरण अशा वेळी प्रवाह तोडते. 'मेकॅनिकल मॉड' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या धातूच्या नळीत अशी चिप नसते. तिथे सेल आणि कॉइल यांच्यामध्ये केवळ एक बटण असते. तारेचे एक टोक चुकून पायाच्या धातूला टेकले, किंवा सेलवरचे प्लॅस्टिकचे आवरण फाटलेले राहिले, तरी शॉर्ट सर्किट होते आणि बंद नळीतील सेलचा स्फोट होऊ शकतो. मे २०१८ मध्ये फ्लोरिडातील सेंट पीटर्सबर्ग येथे आणि जानेवारी २०१९ मध्ये टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे वेपच्या स्फोटाने दोन तरुण दगावले. दोन्ही ठिकाणी निकोटिन हे मृत्यूचे कारण नव्हते. जीव घेतला तो स्फोटाने. म्हणूनच जाणकार नवशिक्याला पहिला सल्ला देतात तो मापक विकत घेण्याचा, आणि दुसरा मेकॅनिकल मॉडपासून दूर राहण्याचा.

आता भारतीय कायद्याकडे वळावे. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने अध्यादेश काढला आणि डिसेंबरमध्ये त्याचे कायद्यात रूपांतर झाले. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात या साऱ्यांवर बंदी आली. द्रवात निकोटिन नसले तरी उपकरण व्याख्येतून सुटत नाही. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंड. साठवणुकीसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. या यादीत 'वापर' हा शब्द मात्र नाही. त्यामुळे ओढणारा सुटतो, असे अनेकांना वाटते.

ही समजूत रिबिल्डेबलपाशी येऊन अडखळते. कायद्याने उत्पादनाची व्याख्या करताना संपूर्ण उपकरणाबरोबर त्याचा कोणताही भाग बनवणे वा जुळवणे हेही त्यात घेतले आहे. बाजारातून बंद वेप मिळवून ओढणारा 'वापरकर्ता' ठरतो. घरातल्या टेबलावर सहा वेढ्यांची कॉइल वळून बसवणारा मात्र शब्दशः वाचल्यास 'उत्पादक' ठरू शकतो. कँथल तार हीटरच्या दुरुस्तीसाठी मिळते, कापूस कुठेही मिळतो. सळीवर गुंडाळलेली तार नेमकी कोणत्या क्षणी बेकायदा होते? ज्यांनी कलम लिहिले त्यांच्यासमोर कारखाने होते, टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर नव्हता. विमानतळावर उतरणाऱ्याची स्थिती त्याहून स्पष्ट आहे: वैयक्तिक वापर या सबबीखाली आयातीला कायद्यात सूट दिलेली नाही.

अध्यादेशाची वेळही ध्यानात घेतली पाहिजे. त्याच आठवड्यांत अमेरिकेत वेपिंगशी निगडित फुप्फुसविकाराची साथ गाजत होती. फेब्रुवारी २०२० पर्यंत तेथे २,८०७ रुग्ण रुग्णालयात गेल्याची आणि ६८ मृत्यूंची नोंद झाली. पुढे तपासात मुख्य संशय गांजाच्या अर्काच्या बेकायदा काडतुसांत मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अॅसिटेटवर स्थिरावला. म्हणजे सर्वाधिक हानी केली ती चोरट्या बाजारातल्या, आत काय आहे हे कोणालाच ठाऊक नसलेल्या मालाने. भारतातील बंदीनंतरही चोरटा माल थांबला नाही. २०२२ मध्ये मुंद्रा बंदरात महसूल गुप्तचर संचालनालयाने ई-सिगारेटचा मोठा साठा पकडला. अशा मार्गाने येतो तो प्रामुख्याने बंद, रंगीत, खिशात मावणारा माल. त्याची तार दिसत नाही, वात तपासता येत नाही, सेल कोणता हे कळत नाही.

यावरून बंदी उठवावी असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत गोव्यातील प्रौढांमध्ये तंबाखूसेवनाचे प्रमाण ९.७ टक्के, देशात सर्वांत कमी होते. देशाची सरासरी २८.६ टक्के होती. धूम्रपान व थुंकण्यावर निर्बंध घालणारा कायदा या राज्याने १९९७ मध्येच केला होता. ही कमाई फळांच्या चवीच्या निकोटिनपायी गमावणे शहाणपणाचे नाही. सिगारेट आणि विडी गाड्यावर मिळत असताना केवळ वेपवर बंदी का, हा आक्षेप तर्काला धरून आहे; पण दारात उभे असलेले दुसरे व्यसन आत घ्यावे, असा त्याचा अर्थ होत नाही. ब्रिटनचे धोरण मुळात सिगारेट सोडवण्यासाठी आखलेले आहे. तेथे निकोटिनवर प्रतिमिलिलिटर २० मिलिग्रॅमची, टाकीवर २ मिलिलिटरची मर्यादा आहे आणि अठरा वर्षांखालील व्यक्तींना विक्री करण्यास मनाई आहे. ती चौकट न आणता केवळ वस्तू आणणे म्हणजे अर्धेच अनुकरण.

उणीव आहे ती माहितीची. किनाऱ्यावरच्या पार्टीत किंवा महाविद्यालयाच्या आवारात ही उपकरणे हाताला लागणाऱ्या मुलाला आज शिक्षेची भीती तेवढी सांगितली जाते. फाटक्या आवरणाचा सेल किल्ल्यांबरोबर खिशात ठेवू नये, जळका दर्प आल्यावर दुसरा झुरका घेऊ नये, निकोटिनचा द्रव लहान मुलाच्या हाती लागला तर तो विषासारखा समजावा, हे त्याला कोणी सांगत नाही. कायद्याने जाहिरातीवर बंदी घातली आहे. धोक्याची माहिती देण्यावर नव्हे. शाळांतील तंबाखूविरोधी कार्यक्रमात आणि भौतिकशास्त्राच्या तासाला हे सांगायला कोणती परवानगी लागते?

ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०२६ पासून वेपच्या द्रवावर दर १० मिलिलिटरला २ पौंड २० पेन्स कर लागू करण्याचे ठरले आहे. दोन-दोन कॉइल वळून भरपूर द्रव जाळणाऱ्या हौशी वापरकर्त्याला तो सर्वाधिक झोंबेल, तर कमी द्रवावर चालणारी छोटी उपकरणे तुलनेने स्वस्त पडतील. परदेशातून सुटीला येणाऱ्यांच्या सामानात यापुढे काय असेल, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. विमानकंपन्यांच्या नियमांनुसार वेप आणि सुटे लिथियम सेल चेक-इनच्या बॅगेत ठेवता येत नाहीत. ते प्रवाशाच्या हातातल्या सामानातूनच उतरतात.