लिंक दिसते, पण लागत नाही!

शुक्रवारी दुपारी पन्हाळ्यावर होते. बाहेर मस्त धुकं, समोर गरमागरम झुणका-भाकर, मैत्रिणी तीन दरवाजाकडे निघण्याच्या तयारीत. आणि फोन वाजला. एका क्लायंटचं अकाउंट्स डिपार्टमेंट. "मॅडम, तुमची तीन बिलं आमच्याकडे नाहीतच. पाचच्या आत पाठवा, नाहीतर पुढच्या महिन्यात बघू."

'पुढच्या महिन्यात बघू' म्हणजे काय, हे फ्रीलान्सरला वेगळं सांगायला नको. माझं दोन महिन्यांचं घरभाडं त्या तीन बिलांत अडकलं होतं.

तरी मी कूल. कारण माझ्याकडे एक्सेल आहे! प्रत्येक बिलाचा नंबर, क्लायंट, रक्कम आणि नंबरवरच बिलाच्या फाइलची लिंक. वर कोणाकडे किती बाकी, हे सांगणारं पिव्हट टेबल. लॅपटॉप उघडला, पिव्हटमधल्या नंबरवर क्लिक केलं. ढिम्म. लिंक गायब, नुसताच काळा मजकूर. शेवटी मूळ शीटमध्ये फिल्टर लावून एकेक शोधलं आणि पावणेपाचला मेल टाकला. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज १६६० च्या जुलैत याच गडावरून निसटले. मला अकाउंट्सच्या वेढ्यातून निसटताना घाम फुटला.

रात्री वीज होती, रेंज होती, झोप नव्हती. मग कारण शोधलंच. पिव्हट तुमच्या शीटकडे थेट बघतच नाही. तो डेटाची स्वतःची एक कॉपी ठेवतो (तिला पिव्हट कॅश म्हणतात), आणि त्या कॉपीत फक्त मजकूर आणि आकडे जातात. लिंक असते सेलला चिकटवलेली, ती मागेच राहते. गंमत म्हणजे पिव्हट टेबल आलं १९९३ च्या एक्सेल ५ मध्ये, हायपरलिंक आली एक्सेल ९७ मध्ये, आणि दोघांची अजून ओळख नाही!

उपाय मात्र सोपा आहे. मूळ शीटमध्ये एक वेगळा कॉलम करा आणि त्यात पूर्ण पत्ता साध्या मजकुरासारखा लिहा. नंबरामागे लपवलेली लिंक चालणार नाही. (माझ्या सगळ्या लपवलेल्याच होत्या. एकेक बाहेर काढताना साडेअकरा वाजले.) मग पिव्हटच्या बाहेर, शेजारी, हायपरलिंक फंक्शन लिहा आणि त्याच्या पोटात व्हीलुकअप. व्हीलुकअप बिल नंबरवरून पत्ता शोधतो, हायपरलिंक तो क्लिक करण्याजोगा करतो. फिल्टर बदलून ओळी वरखाली झाल्या तरी हरकत नाही, शेजारी जो नंबर दिसेल त्याचीच लिंक लागते.

मी एका ठिकाणी आपटले. पिव्हट आपणहून 'कॉम्पॅक्ट' मांडणीत येतो, म्हणजे क्लायंट आणि बिल नंबर एकाच कॉलममध्ये. क्लायंटच्या नावासमोर एरर. डिझाइनमध्ये जाऊन 'टॅब्युलर' मांडणी निवडा, आणि फॉर्म्युल्याला इफएररचं पांघरूण घाला. फॉर्म्युला पाच-पंचवीस ओळी जास्तच खाली ओढून ठेवा, नवी बिलं येणारच. मधे एक कॉलम रिकामा सोडा, कारण पिव्हट आडवा वाढला तर तुमच्या फॉर्म्युल्यावर येऊन बसू शकतो. मॅक्रोनेही जमतं म्हणे, पण बाहेरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो एक्सेल हल्ली अडवतं, त्यामुळे फाइल दुसऱ्याला पाठवायची असेल तर नकोच.

सकाळी मैत्रिणींना दाखवलं. एकीने विचारलं, "पैसे आले का?"

नाही आले अजून. पण कोणाला, कधी आठवण करायची, ती बिलं आता एका क्लिकवर उघडतात. तीन दरवाजा राहिलाच बघायचा.