दोन्ही घरचा पाहुणा

मंडळी, गेला महिनाभर इथे काही लिहिलं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी काही दिवस वाचन-लिखाण बंद ठेवायला सांगितलं. जन्मभर खडू आणि पुस्तक हातात धरलेल्या माणसाला ही शिक्षाच. नातीला माझी दया आली असावी. तिने आपले हेडफोन माझ्या कानांवर चढवले आणि म्हणाली, "आजोबा, नाव विचारू नका. नुसतं ऐका."

आधी वाटलं, कुणीतरी पेटी वाजवतंय. भात्याचा तोच श्वास. पण सूर अधिक खोल, काहीसा व्याकूळ, आणि भोवती चार तंतुवाद्यं. सुमारे अर्धा तास मी हललो नाही. चहा गार झाला.

मग नाव कळलं. वाद्याचं नाव बँडोनियन. दोन्ही हातांत धरून दाबायचं-ताणायचं, बटणांचं वाद्य. जन्म एकोणिसाव्या शतकातल्या जर्मनीत, नाव कमावलं अर्जेंटिनाच्या टँगोत. आत धातूच्या पट्ट्या थरथरतात, म्हणजे आपल्या पेटीचं चुलत भावंडच. वाजवणारा आस्तोर पियाझोला आणि साथीला अमेरिकेतलं क्रोनोस क्वार्टेट. दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो अशी ही चौकडी. ती पाश्चात्त्यांच्या 'चेंबर' संगीतातली, म्हणजे मूळची दिवाणखान्यातल्या मैफलीची. १९८९ साली त्यांनी मिळून 'फाइव्ह टँगो सेन्सेशन्स' वाजवलं, तेच मी ऐकत होतो.

या पियाझोलाची गोष्ट मला फार आवडली. जन्म १९२१चा, बालपण न्यूयॉर्कमध्ये. वडिलांनी तिथल्या एका गहाणवटीच्या दुकानातून बँडोनियन आणून दिलं. शेजारच्या पियानोवादकाकडे पोरगा बाख शिकला आणि घरी वडिलांच्या टँगोच्या रेकॉर्डी ऐकत वाढला. पुढे ब्युनोस आयर्सला टँगोच्या वाद्यवृंदात वाजवता वाजवताच तो हिनास्तेरा यांच्याकडे शास्त्रोक्त रचना शिकत होता. १९५३ साली त्याने सिम्फनी वाद्यवृंदात दोन बँडोनियन बसवली, तर श्रोत्यांत हाणामारी झाली! गुत्त्यातलं वाद्य इथे कशाला, म्हणून. दुसऱ्याच वर्षी तो पॅरिसला नादिया बूलांजे या थोर शिक्षिकेकडे गेला. टँगोवाला असल्याचं तो लाजून लपवत होता. बाईंनी त्याच्या जाडजूड रचना पाहिल्या, पण त्यात त्यांना तो स्वतः कुठे सापडेना. अखेर त्याने आपला एक टँगो पियानोवर वाजवून दाखवला. बाई म्हणाल्या, खरा पियाझोला हा आहे, याला सोडू नकोस. मास्तरकी केलेल्या माणसाला या बाईंचा हेवा वाटावा.

परत येऊन त्याने टँगोत इलेक्ट्रिक गिटार आणली. आता टँगोवाले भडकले. त्याला टँगोचा मारेकरी म्हणू लागले. म्हणजे आधी त्या घरच्यांनी हाकललं, मग या घरच्यांनी.

आपण हसायला नको. ऑल इंडिया रेडिओवर १९४०पासून १९७१पर्यंत पेटीला बंदी होती. परकी, श्रुती-मींड न जमणारी, म्हणून. आणि इकडे त्याच पेटीवर बोटं फिरवणाऱ्या गोविंदराव टेंब्यांनी १९११ साली 'मानापमान'ला दिलेल्या चाली आपण आपल्या परंपरेचं लेणं म्हणून मिरवतो. माझ्या वडिलांना नाट्यगीत म्हणजे अस्सल मराठी वाटे. त्यात ठुमरी, कजरी आणि कर्नाटकातल्या चाली किती मिसळल्या आहेत, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

आता मूळ मुद्दा. नातेवाईक मंडळींना तो आधीच कळला असेल.

१९८६ साली माझा धाकटा अकरावीत होता. सहा वर्षं व्हायोलिन शिकत होता आणि हात बरा होता. गॅदरिंगला गिटारवाल्या मुलांबरोबर व्हायोलिनवर रॉक वाजवायचं त्याच्या मनात होतं. मी सर्वांदेखत म्हणालो, "दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहतो. एक काय ते ठरव." त्याने ठरवलं. व्हायोलिन पेटीत घातलं आणि पुन्हा काढलं नाही.

परवा नातीने जिमी हेंड्रिक्सचं 'पर्पल हेझ' ऐकवलं, क्रोनोसच्या चार वाद्यांवर. त्यांची ती रेकॉर्ड १९८६चीच. माझा मुलगा जे करू म्हणत होता, ते त्याच वर्षी जगात रीतसर चाललं होतं. याच चौघांनी २००५ साली आशा भोसल्यांबरोबर राहुलदेव बर्मन यांची गाणी केली, तबल्याला झाकीर हुसेन. आशाबाईंनी तेव्हा सत्तरी ओलांडली होती. नवं काही करायला वय आड येत नाही म्हणायचं.

म्हणजे कशातही काहीही मिसळावं असं मी म्हणत नाही. टीव्हीवर जुन्या गाण्यावर नुसता ठेका चढवतात, त्याला माझा आजही विरोध आहे. त्यात कुणालाच घाम आलेला नसतो. पियाझोलाला बाख येत होता आणि टँगोही. तो कुठल्याच घरी पाहुणा नव्हता, दोन्ही घरी राबलेला होता. पाहुणा उपाशी राहील कदाचित, राबणारा का राहील?

माझी चूक इथे झाली. मुलाला मी विचारायला हवं होतं, "दोन्हीकडे रियाज करशील का?" मी विचारलं, "कुठलं घर सोडतोस?" शिक्षकाने प्रश्न चुकवला की विद्यार्थ्याचं उत्तर चुकणारच.

काल मुलाला फोन करून हे सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अण्णा, आता बोटं वळायची नाहीत हो." थोड्या वेळाने त्यानेच विचारलं, "व्हायोलिन आहे का अजून?"

आहे. माळ्यावर होतं. तारा गंजल्यात, एक खुंटी तुटली आहे. आज दुरुस्तीला देऊन आलो.

असो. डोळा अजून दुखतो, आज इतकंच. तुमच्याही माळ्यावर असं काही असेल तर कळवा.