रिकाम्या इंटरफेसवर चालवून पाहा

पॅकेट पकडणारा प्रोग्रॅम लिनक्सवर सुरळीत चालतो आणि दुसऱ्या प्रणालीवर नेला की गप्प बसतो. संशय आधी ड्रायव्हरवर जातो, मग फायरवॉलवर. लिबपीकॅप या पॅकेट पकडण्याच्या लायब्ररीला मिलिसेकंदांत दिलेल्या टाइमआउटकडे मात्र सहसा कुणी पाहत नाही.

१००० दिले की सेकंदाभरात कॉल परत येणारच, असे धरून भरपूर कोड लिहिला जातो. लिबपीकॅपने असे वचन कधीच दिलेले नाही. प्रत्येक पॅकेटसाठी कर्नलमधून प्रोग्रॅमकडे वेगळी खेप परवडत नाही, म्हणून गठ्ठा जमू दिला जातो. सीट भरेपर्यंत वडापवाला गाडी काढत नाही, तसे. आलेले पॅकेट जास्तीत जास्त किती वेळ अडवायचे, एवढेच तो आकडा ठरवतो. पॅकेटच आले नाही तर? बीएसडीच्या बीपीएफ या पॅकेट पकडण्याच्या यंत्रणेत वाचन सुरू होताच घड्याळ चालू होते. जुन्या सोलारिसवर ते पहिल्या पॅकेटनंतर चालू होते, म्हणजे शांत नेटवर्कवर कॉल अनंतकाळ अडकू शकतो. आणि ० म्हणजे 'लगेच' नव्हे! त्यासाठी लिबपीकॅप १.५ पासून इमिजिएट मोड आहे.

पॅकेटची वाट पाहायला सिलेक्ट या सिस्टम कॉलवर विसंबणाऱ्यांची पंचाईत आणखी वेगळी. फ्रीबीएसडी ४.६ किंवा मॅक ओएस एक्स १०.७ पूर्वीच्या आवृत्त्यांत बीपीएफवरचा सिलेक्ट, टाइमआउट उलटला तरी, बफर पूर्ण भरेपर्यंत हूं की चूं करत नसे. तोडगा ओबडधोबड, पण बहुतेक ठिकाणी चालणारा: डिस्क्रिप्टर नॉन-ब्लॉकिंग करायचा, सिलेक्टला तेवढाच किंवा कमी टाइमआउट द्यायचा आणि तो काहीही म्हणो, वाचून पाहायचे. असा टाइमआउट लागतो का आणि किती, हे २०१८ च्या १.९ पासून लिबपीकॅप स्वतःच सांगते. विंडोजवर सिलेक्ट फक्त सॉकेटसाठी चालतो. तिथे इव्हेंट हँडल घेऊन थांबावे लागते. शिवाय विनपीकॅप या लिबपीकॅपच्या विंडोज-रूपात किमान १६,००० बाइट जमल्याखेरीज किंवा टाइमआउट उलटल्याखेरीज वाचन परतत नाही. तुरळक रहदारीवर पॅकेट 'उशिरा' दिसतात ती यामुळे.

हे सगळे मॅन्युअलमध्ये लिहिलेले आहे, हीच चीड आणणारी गोष्ट. चाचणी मात्र आपण गजबजलेल्या नेटवर्कवर घेतो, जिथे बफर भरायला वेळ लागत नाही आणि प्रत्येक चूक झाकली जाते. यापुढे या मासिकात कॅप्चर साधनाचे परीक्षण लिहिणाऱ्यांनी ते रिकाम्या इंटरफेसवर चालवावे, कंट्रोल-सी दाबावे आणि ते केव्हा थांबले हे प्रणालीच्या नावासह लिहावे.